सहा मिलिमीटर

कौन्सिलच्या पत्रकात छापलंय:
स्टेशन ते लायब्ररी, चालत अकरा मिनिटं.
कुणाच्या चालीनं, ते छापलेलं नाही.

म्हणून मंगळवारी, बाजार नसताना,
आम्ही दोघं निघालो हॅलिफॅक्स मोजायला.
मी खुर्चीत, मांडीवर टेप आणि तक्ता.
हेडली ग्रीनवुड उजवीकडे, काठी पुढे.
आंधळ्या-पांगळ्याची ती जुनी गोष्ट
मी त्याला सांगितली नाही.
तिच्यात एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर बसतो.
आम्हाला कुणाच्याच खांद्यावर बसायचं नव्हतं.

बाहेर पडताच चढ.
एकास बारा चालतो म्हणतात, हा एकास नऊ.
मनगटं कुरकुरू लागली.

न्हाव्याच्या दुकानाची पाटी फुटपाथच्या मधोमध,
पाय फाकवून उभी: बुधवारी पेन्शनरांना सवलत.
हेडलीच्या नडगीनं ती मागेच वाचलेली.

मग दगडी फरसबंदी, वारसा म्हणून जपलेली.
पाहुणे वाकून तिचे फोटो घेतात.
मी तिचा दगड न् दगड दातांनी मोजते.

तीन कचऱ्याचे डबे, हिरवा, तपकिरी, काळा,
रांगेत उभे, जणू बस यायची आहे.
उरलेली जागा चौऱ्याहत्तर सेंटिमीटर.
खुर्ची अडुसष्ट.
त्या अडुसष्टात माझी बोटं धरलेली नाहीत.

सिग्नलपाशी हेडलीनं माझा हात मागितला,
बटणाच्या पेटीखाली नेला.
तिथे एक खाचांचा धातूचा शंकू,
करंगळीच्या पेराएवढा.
हिरवा माणूस उजळला
आणि शंकू माझ्या चिमटीत गरगर फिरला,
भोवरा तळहातावर घ्यावा तसा.
एकवीस वर्षं मी या गावात राहते.
एकवीस वर्षं हा इथे फिरतोय
आणि मी आपली वर दिव्याकडे बघत.

पलीकडे नवा उतार.
काठ रस्त्याशी एकजीव, चाक लोण्यात जावं तसं गेलं.
मी लिहिलं: उत्तम.

थांब, हेडली म्हणाला. रस्ता संपला का?
संपला की.
मला नाही कळला.
इथल्या फरशीचे फोड झिजलेत.
काठीला काठ लागला तर मी माणसांत,
नाही लागला तर मोटारींत.

मला उंबरा नको होता.
त्याला उंबरा हवा होता.
दगड एकच.

आम्ही तिथेच भांडलो, बऱ्यापैकी मोठ्यानं.
ट्रॉली ओढणाऱ्या एका बाईनं विचारलं, मदत हवी का?
नको, आम्ही दोघं एकदम म्हणालो.

टेप काढला. नियमानं सहा मिलिमीटरपर्यंत चालतं.
सहा मिलिमीटर म्हणजे
पौंडाची दोन नाणी एकावर एक, वर थोडी धूळ.
हेडलीनं तेवढा काठ शोधून बूट घासून पाहिला:
माझ्या बुटाला हे नाही कळत.
माझ्या मणक्याला कळतं, मी म्हणाले.
तक्त्यातलं 'उत्तम' खोडलं.
त्या रकान्यात काय लिहावं, अजून सुचलेलं नाही.

लायब्ररीचं दार आपोआप उघडणारं. आज बिघडलेलं.
काचेवर कागद: गैरसोयीबद्दल क्षमस्व.
कुणीतरी येईल म्हणून थांबलो.

तुझ्या भाषेत थांबण्याला काय म्हणतात?
वाट पाहणं. वाट म्हणजे रस्ता.
रस्त्याकडे बघत राहायचं, माणूस येईस्तोवर.
तो हसला. म्हणजे मी जन्मात कुणाची वाट पाहिली नाही.
पाहिलीस की, मी म्हणाले.
आत्ताच. सातशे मीटर. पायांनी.

आतून एका पोरीनं दार ढकललं, कानात गाणी.
आमच्याकडे न बघता
ती दार धरून उभी राहिली, पुरेसा वेळ.

तक्त्याच्या तळाशी मी अकरा खोडून
त्रेपन्न लिहिलं.
खाली टीप:
पाऊस नव्हता. बाजार नव्हता.
वारा पाठीमागून होता.